अण्णांच्या डब्यातल्या गोळ्या आणि भिंतीवरच्या मुंग्या

जेलरोडकर | ४ मे, रात्री ९.४०

शीर्षकात मुंग्या आहेत, पण घरात एकही मुंगी नव्हती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता अण्णा (माझे वडील, वय ७६, प्रेसमधून रिटायर) पलंगावर उभे राहून पंचाने भिंत पुसत होते. म्हणे रांग लागलीय, साखरेचा डबा कुणी उघडा टाकला. आईने दिवा लावला, भिंतीवरून हात फिरवून दाखवला. तरी पुसणं चालूच. मध्येच हवेतून दोरा ओढल्यासारखं करायचे आणि बोटाला गुंडाळायचे.

सकाळी एकदम ठीक. चहा घेतला, पेपर उघडला आणि "हल्ली छपाई पुसट करतात" म्हणून बाजूला ठेवला. जन्म छापखान्यात गेलेला माणूस छपाईला नावं ठेवतोय, त्याचं आम्हाला काय नवल? संध्याकाळ झाली की परत मुंग्या. आत्याने निदान करून टाकलं, साठी बुद्धी नाठी. मीही पुण्याहून फोनवर "वय झालं" असंच म्हणाले, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी लघवी बंद. पोट ढोलासारखं. भावाने रिक्षात घालून नेलं, नळी घातली तर लिटरभराहून जास्त निघाली. तिथे ड्यूटीवर एक जेमतेम पंचविशीची डॉक्टर होती. तिने भावाला परत घरी पिटाळलं. "घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या आणा. डॉक्टरांनी दिलेल्याच नाही, सगळ्या." भाऊ बिस्किटांचा पत्र्याचा डबाच उचलून घेऊन गेला. तिने पट्ट्या पत्त्यांसारख्या मांडल्या आणि चार बाजूला काढल्या.

पहिली ऑक्सिब्युटिनिन. जानेवारीत वारंवार लघवी होते म्हणून मिळालेली. दुसरी अमिट्रिप्टिलीन, पायाला मुंग्या येतात आणि आग होते म्हणून रात्रीची. (पायाच्या मुंग्या भिंतीवर गेल्या, असं भाऊ आता हसून म्हणतो. तेव्हा कुणी हसत नव्हतं.) तिसरी सर्दीची, त्यात क्लोरफेनिरामिन. सर्दी फेब्रुवारीतच गेली होती, पण "झोप छान लागते" म्हणून अण्णांनी स्वतःच चालू ठेवलेली. चौथी डायसायक्लोमीनची. पोट साफ होत नव्हतं, त्याने मुरडा यायचा, त्यावर. आणि पोट साफ का होत नव्हतं? पहिल्या तिघींमुळे.

चार दुकानांच्या, चार वेगवेगळ्या कामांच्या गोळ्या, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे चारही एकाच गोत्राच्या. गोत्राचं नाव अँटिकोलिनर्जिक. मी हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. इथे कुणाला माहिती असेल तर मराठीत समजावून सांगा. गूगल करून माझं डोकं अण्णांसारखं झालंय.

---

खवचट | ४ मे, रात्री १०.०२

म्हणजे डॉक्टर तिन्ही शहाणे, केमिस्ट चौथा शहाणा, पेशंट तेवढा वेडा.

---

सिडकोवाली | ४ मे, रात्री १०.१५

बाप रे. माझ्या सासूबाईंनाही रात्रीची ती अमिट्रिप्टिलीन आहे, दहा मिलिग्रॅमची, पायांच्या आगीसाठी. वाचतेय. अण्णा आता कसे आहेत ते आधी सांगा.

---

गुंगीमास्तर | ५ मे, सकाळी ६.५०

ती ड्यूटीवरची पोरगी हुशार. तिला माझा नमस्कार सांगा. मी भूलतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं झाली, आणि ही औषधं रोज आमच्या ट्रेमध्ये असतात. ऑपरेशनला अजून तासभर आहे तोवर लिहितो.

दुपारी पोटभर जेवून ओसरीवर लवंडलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. तोंडात लाळ, पोटात गुडगुड, नाडी संथ, डोळ्याची बाहुली बारीक, थोड्या वेळाने लघवीला उठणार. हे सगळं ज्या निरोप्याच्या जिवावर चालतं तो ॲसिटिलकोलीन. मज्जातंतूच्या टोकाशी तो सुटतो, पलीकडच्या पेशीवर त्याच्यासाठी बसायला जागा असते, तिथे जाऊन बसला की काम होतं. अँटिकोलिनर्जिक औषध काय करतं, तर एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं करतं. स्वतः कुठे जायचं नसतं, पण दुसऱ्याला बसू देत नाही. मग लाळ आटते, आतडं सुस्तावतं, मूत्राशय आवळत नाही, नाडी पळते, बाहुली मोठी होते आणि जवळचं धूसर दिसतं. अण्णांची छपाई पुसट झाली ती इथे. प्रेसवाल्यांचा काही दोष नाही.

हा निरोप्या खरंच असतो हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये दाखवलं. बेडकाची दोन हृदयं घेतली, एकाची व्हेगस नस चेतवली, ते मंदावलं. त्याच्या भोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर घातलं तर तेही मंदावलं, नस न चेतवता. प्रयोगाची युक्ती त्यांना स्वप्नात सुचली, अर्धवट झोपेत चिठोऱ्यावर लिहून ठेवली, आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. पुढच्या रात्री तेच स्वप्न परत पडलं तेव्हा उठून थेट प्रयोगशाळा गाठली, असं ते स्वतः सांगत. १९३६ चं नोबेल त्यांना आणि हेन्री डेल यांना मिळून मिळालं. डॉक्टरांचं अक्षर म्हणून हसणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

खवचट यांना: ही औषधं वाईट नाहीत हो. ऑपरेशनमध्ये सर्जनने आतडं ओढलं किंवा तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत डोळ्याचा स्नायू ओढला की नाडी धाडकन खाली येते. त्या वेळी माझ्या हातात ॲट्रोपिन नसेल तर तुम्ही खवचटपणा करायला परत येणार नाही. ऑपरेशन संपल्यावर स्नायू पुन्हा जागे करायला निओस्टिग्मिन देतो, त्याने हृदय मंदावू नये म्हणून बरोबर ग्लायकोपायरोलेट. विठ्ठल-रखुमाईसारखी जोडी आहे ती, एकटं कुणी देत नाही.

आता मुंग्यांचं. यातली काही औषधं मेंदूत शिरतात, काही शिरत नाहीत. ग्लायकोपायरोलेट, पोटदुखीचं हायोसिन ब्युटिलब्रोमाइड, दम्याच्या पंपातलं इप्राट्रोपियम, टायोट्रोपियम, लघवीसाठीचं ट्रॉस्पियम, यांच्या रेणूवर कायमचा विद्युतभार असतो, त्यामुळे मेंदूच्या दारावरचा पहारेकरी त्यांना सहसा आत सोडत नाही. ॲट्रोपिन, ऑक्सिब्युटिनिन, अमिट्रिप्टिलीन, क्लोरफेनिरामिन, ट्रायहेक्सिफेनिडिल हे सगळे आत जातात. आत तोच निरोप्या लक्ष आणि स्मरण सांभाळतो. वयानुसार तो मुळातच कमी होत जातो, मूत्रपिंडं आणि यकृत औषध सावकाश बाहेर टाकतात, म्हणजे तिशीत ज्या गोळीने नुसतं तोंड कोरडं पडतं तीच शहात्तरीत मुंग्या दाखवते.

आणि घाम! घामाच्या ग्रंथींनाही हाच निरोप्या लागतो. तो अडला की घाम येत नाही, अंग तापत राहतं. जानेवारीत सुरू झालेल्या गोळ्यांनी एप्रिलमध्ये दगा दिला त्यात मला उन्हाचाही हात दिसतो. आपलं नाशिक काही पूर्वीचं थंड गाव राहिलं नाही.

निघतो.

---

जेलरोडकर | ५ मे, सकाळी ९.१०

डॉक्टरसाहेब, रुमालाचं उदाहरण आईला वाचून दाखवलं. तिला एका झटक्यात कळलं. अण्णा घरी आहेत, नळी अजून आहे, बाकी नंतर लिहिते.

---

निफाडचा बागायतदार | ५ मे, दुपारी १.३०

आमच्याकडं हे औषध उलट्या बाजूनं माहितीये. शेतकऱ्याच्या घरात ॲट्रोपिन म्हणजे जीव वाचवणारी सुई.

तीन वर्षांमागं द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर माझ्या चुलतभावानं थ्रिप्स किडीसाठी फवारा मारला. ब्लोअर बिघडला होता म्हणून पाठीवरचा पंप घेतला, तोंडाला नुसता गमछा, वारा समोरून. पंप गळत होता, पाठ ओली झाली, तरी दुपारपर्यंत मारतच राहिला. बांधावर आला तेव्हा तोंडातून लाळ, डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, कपडे घामानं चिंब, पोट बिघडलेलं आणि छातीत घरघर. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. गुंगीमास्तरांनी ओसरीवरचा माणूस सांगितला ना, तोच माणूस दहापट करा. फॉस्फरसवाली कीटकनाशकं शरीरातला निरोप्या साफ करणारं एन्झाइम बंद पाडतात, मग निरोपे साचत जातात. माणूस आपल्याच पाण्यात बुडतो.

आम्ही कपडे काढून साबणानं आंघोळ घातली आणि डबीसकट गाडीत टाकला. डबी नेणं लई महत्त्वाचं, डॉक्टरला नाव कळतं. तिथं ॲट्रोपिनच्या सुया सुरू. मी मोजत होतो, एक, दोन, चार, आठ... दर काही मिनिटांनी दुप्पट. मला वाटलं ह्यांचं डोकं फिरलं. मग नर्सबाईंनी सांगितलं, छाती कोरडी होईस्तोवर द्यायचं असतं, आकडा बघायचा नसतो. बरोबर पाम नावाचं दुसरं इंजेक्शन.

आणि रात्री भाऊ खाटेवर बसून हवेतली द्राक्षं तोडत होता. खरं सांगतो. घड धरायचा, कात्री लावायचा, क्रेटमध्ये ठेवायचा. हात बांधावे लागले. गावाकडं म्हणतात "औषध पिलेला पेशंट येडा होतो", ते येड विषाचं नसतं, उताऱ्याचं असतं. दोन दिवसांत उतरलं. ताई, तुमच्या अण्णांचे दोरे वाचले आणि मला तो क्रेट आठवला.

यवतमाळला २०१७ साली कपाशीच्या फवारणीत वीसवर माणसं गेली. आपल्याकडं द्राक्षाला पैसा आहे म्हणून ब्लोअर आले, नाहीतर आपलंही तेच असतं.

---

गुंगीमास्तर | ५ मे, दुपारी ३.०५

बागायतदार भाऊ, तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं शिकवलंत. हवेतून काहीतरी वेचणं, दोरे ओढणं हे या औषधांच्या भ्रमाचं इतकं ठरलेलं लक्षण आहे की लांबून बघून शंका येते.

---

गंगेवरचा | ५ मे, संध्याकाळी ७.२०

मग धोत्रा का विसरता? कपालेश्वराला महाशिवरात्रीला धोत्र्याची फळं वाहतात (अवांतर: या महादेवापुढे नंदी नाही, बाहेरगावच्या पाहुण्यांना हटकून सांगावं लागतं). लहानपणी पंचवटीत आमच्या वाड्यातल्या एका पोराने पूजेतलं काटेरी फळ फोडून बिया खाल्ल्या. बी दिसायला थेट मिरचीचं किंवा वांग्याचं. आहेच ते भाऊबंद, एकाच कुळातले. तासाभरात पोरगं लालबुंद, अंग भट्टीसारखं, जीभ टाळ्याला चिकटलेली, डोळे नुसते काळे, आणि आईला म्हणतंय "तू कोण?" घरच्यांनी बाहेरची बाधा समजून आधी अंगारा लावला. मग दवाखाना. वाचलं.

धोत्र्यात ॲट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलमिन तिन्ही असतात. ठग प्रवाशांना धोत्रा खायला घालून लुटत, त्यामागे हेच विज्ञान. युरोपात याची बहीण बेलाडोना. इटालियन भाषेत सुंदर स्त्री. तिचा रस डोळ्यात घालून बायका बाहुल्या मोठ्या करून घेत, समोरचा माणूस धूसर दिसला तरी चालेल, आपण छान दिसलो पाहिजे. वनस्पतीचं शास्त्रीय नाव ॲट्रोपा, ते ग्रीकांच्या ॲट्रोपॉस देवीवरून. आयुष्याचा धागा कात्रीने तोडणारी ती. सौंदर्य आणि मरण एकाच नावात. आपल्या लोकांनी सरळ महादेवाला वाहून टाकलं, हलाहल पचवणारा तोच एक.

दम्याला धोत्र्याची पानं चिलमीत ओढायचे ते आठवणारे कुणी आहेत का? माझे आजोबा ओढत.

---

सिडकोवाली | ५ मे, संध्याकाळी ७.३५

कृपया कुणी हे करून बघू नका!

---

गुंगीमास्तर | ५ मे, रात्री ८.५५

+१ सिडकोवाली. एका बीत किती औषध आहे हे बीला बघून कळत नाही, एका झाडाचं दुसऱ्या झाडाशी जमत नाही. पण आजोबा अगदी वेडे नव्हते. श्वासनलिकेचे स्नायूही याच निरोप्याच्या हुकमाने आवळतात, रुमाल टाकला की सैलावतात. ती चाल भारतातून इंग्लंडला गेली आणि पुढे तिकडे दम्याच्या सिगारेटी दुकानात मिळत. आज नेब्युलायझरमध्ये जे इप्राट्रोपियम घालतात ते ॲट्रोपिनपासूनच घडवलेलं. फरक एवढाच की ते फुफ्फुसात थांबतं, डोक्यात जात नाही. मास्क मात्र नाकावर नीट बसवा. वाफ डोळ्यात गेली तर बाहुली मोठी होते, आणि ज्यांच्या डोळ्यांचा कोन अरुंद आहे त्यांना काचबिंदूचा झटका येऊ शकतो. डोळा लाल, डोकं फुटेल असं दुखणं, दिव्याभोवती रंगीत कडं, उलटी. तेव्हा रात्र आहे म्हणून थांबायचं नाही.

---

सुलभाताई | ६ मे, सकाळी ११.१०

सगळे नुसतं घाबरवताय. माझी बाजू लिहिते.

वय ६८. लघवी धरता येत नाही हा काय प्रकार असतो ते ज्याचं त्याला ठाऊक. काळाराम मंदिरात कीर्तनाला बसायचं तर आधी मोरी कुठे ते बघायचं. पंचवटी एक्सप्रेसने मुलीकडे मुंबईला जायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद. चार वर्षं मी कुणाला सांगितलं नाही. मग एका डॉक्टरीणबाईंनी आधी व्यायाम शिकवले, घड्याळ लावून जायला सांगितलं, आणि त्यावर सोलिफेनासिन सुरू केली. दोन वर्षं झाली. मी माणसात आले.

तोंड कोरडं पडतं, हे खरं. कवळी सैल होते, टाळ्याला लागते, भाकरी घशाखाली उतरत नाही, आमटीत कुस्करावी लागते. उरलेले चार दात किडू नयेत म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवते, लाळ नसली की दात लवकर किडतात म्हणे. दुसरी मिराबेग्रॉन म्हणून गोळी आहे, ती या गोत्राची नाही, पण तिने बीपी वाढतं आणि माझं आधीच उड्या मारतं, म्हणून नको म्हणाल्या. एवढं सगळं माझ्यासमोर बोलून ठरवलं. गोळी बंद करायला मला सांगू नका.

---

गुंगीमास्तर | ६ मे, दुपारी २.४०

सुलभाताई, कुणी सांगणार नाही. असंच ठरवायचं असतं.

अण्णांच्या बाबतीत मला एक शंका आहे. म्हाताऱ्या पुरुषाला वारंवार, थोडी थोडी लघवी होते तेव्हा कधी कधी मूत्राशय जास्त जोरात नसतं, उलट मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीमुळे कधी रिकामंच होत नसतं. भरलेल्या माठातून पाणी ओघळावं तसं. त्यात मूत्राशय सैल करणारी गोळी दिली की माठ आणखी भरतो. म्हणून आधी सोनोग्राफीत लघवी झाल्यानंतर आत किती उरते ते बघतात. तुमच्याकडे ते केलं होतं का?

---

जेलरोडकर | ६ मे, दुपारी ४.००

नव्हतं केलं. आता केलं. प्रोस्टेट मोठं आहे. आणि गंमत ऐका. जानेवारीत तोंड कोरडं पडायला लागल्यावर अण्णा तांब्यावर तांब्या पाणी प्यायचे. त्याने लघवी वाढली. म्हणून मार्चमध्ये गोळी एकाची दोन झाली.

---

खवचट | ६ मे, दुपारी ४.१२

याला गंमत म्हणायला काळीज लागतं ताई.

---

जुना केमिस्ट | ६ मे, रात्री ९.३०

तीस वर्षं काउंटरवर उभा आहे, गोळे कॉलनीत होलसेलमध्ये होतो त्याआधी. चौथ्या शहाण्याच्या वतीने बोलतो.

"सर्दीची द्या" म्हणून येणाऱ्यांपैकी किती जण वय सांगतात? कुणीच नाही. वडिलांसाठी नेतात की स्वतःसाठी, तेही नाही. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत क्लोरफेनिरामिन, खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत तेच किंवा डायफेनहायड्रामिन. खाज सुटली की फेनिरामिन किंवा हायड्रॉक्सिझिन. कसाऱ्याच्या नाहीतर वणीच्या घाटात गाडी लागते म्हणून प्रोमेथाझिन. पाळीत पोट दुखतं म्हणून डायसायक्लोमीन आणि मेफेनामिक ॲसिडची जोडगोळी. तरण्याताठ्यांना दोन दिवस घेऊन काही होत नाही, झोप येते इतकंच. पण प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना सर्दीच्या दोन गोळ्यांनी लघवी तुंबून मध्यरात्री नळी घालावी लागल्याच्या गोष्टी मी डझनाने सांगेन. त्यातलं नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिनही त्याला हातभार लावतं. नंतरच्या पिढीतल्या गोळ्या, फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन, यांचा हा त्रास बराच कमी.

लहानांचंही सांगतो. क्लोरफेनिरामिन-फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं बाटलीवर छापा, असा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला. आणि बाळ रडतं म्हणून डायसायक्लोमीनचे थेंब मागायला आजी येतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला ते द्यायचंच नाही, श्वास बंद पडल्याच्या नोंदी आहेत. मी देत नाही. मग आजी समोरच्या दुकानात जातात.

एक मजेची गोष्ट. जुलाबाच्या डायफेनॉक्सिलेटच्या गोळीत चिमूटभर ॲट्रोपिन मुद्दाम घातलेलं असतं. ते जुलाबासाठी नसतंच. मूळ औषध अफूच्या नात्यातलं, नशेसाठी कुणी मूठभर खाल्लं तर तोंड वाळून, छाती धडधडून पस्तावावं म्हणून.

पट्टीच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं. पुढचं मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं, त्याने काही कळत नाही.

---

चश्मिसची आई | ७ मे, सकाळी ८.०५

थोडं वेगळं. मुलीचा (९ वर्षं) नंबर दर सहा महिन्यांनी वाढत होता, डोळ्यांच्या डॉक्टरांनी रात्री ०.०१ टक्के ॲट्रोपिनचे थेंब दिलेत. हे वाचून पोटात गोळा आला.

---

गुंगीमास्तर | ७ मे, सकाळी ८.२०

घाबरू नका. पूर्ण ताकदीचं ॲट्रोपिन १ टक्का असतं, हे त्याच्या शंभराव्या हिश्शाचं. सिंगापूरमधल्या चाचण्यांत या पातळ थेंबांचा त्रास फार थोडा दिसला. उन्हात डोळे दिपत असतील तर टोपी, आणि जवळचं वाचताना त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा. बाटली धाकट्या भावंडांच्या हाती लागणार नाही एवढं बघा.

---

आकडेमोड | ७ मे, रात्री १०.४५

मूळ भीतीबद्दल कुणी बोललं नाही. या गोळ्यांनी कायमचा स्मृतिभ्रंश होतो का?

२०१५ साली अमेरिकेत सिॲटलचा एक अभ्यास आला. ६५ च्या वरचे ३,४३४ लोक, सरासरी सात वर्षं पाठपुरावा. ज्यांनी सगळ्यांत जास्त घेतल्या, म्हणजे साधारण रोज एक याप्रमाणे तीन वर्षांहून अधिक, त्यांच्यात डिमेन्शियाचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या दीडपट. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा त्याहून मोठा अभ्यास आला, डिमेन्शियाचे ५८,७६९ रुग्ण आणि तुलनेला सव्वादोन लाख लोक. तिथेही जवळपास दीडपटच. पण त्यात औषधागणिक फरक होता. नैराश्याची, पार्किन्सनची, मनोविकाराची आणि लघवीची औषधं यांत संबंध दिसला. सर्दी-खाजेची, पोटाची आणि दम्याची यांत दिसला नाही.

दीडपट म्हटल्यावर छातीत धस्स होतं, पण हे गोळीनेच झालं असं यातून सिद्ध होत नाही. डिमेन्शिया उघड व्हायच्या कितीतरी वर्षं आधी माणसाची झोप जाते, मन खचतं, लघवीवरचा ताबा सुटतो. म्हणजे गोळीमुळे आजार, की लपलेल्या आजारामुळे गोळी? दोन्ही अभ्यासांनी हे टाळायचा प्रयत्न केला, निदानाआधीच्या वर्षातल्या गोळ्या सोडून मोजणी केली. तरी पूर्ण सुटत नाही. माझं मत विचाराल तर धूर आहे, आग किती ते माहीत नाही, आणि ज्या गोळीवाचून भागतं ती वर्षानुवर्षं घेण्यात अर्थ नाही.

डॉक्टर मंडळी एक गुणपत्रिकाही वापरतात. प्रत्येक औषधाला १ ते ३ गुण, बेरीज ३ किंवा जास्त झाली की सावध. ऑक्सिब्युटिनिन ३, अमिट्रिप्टिलीन ३, क्लोरफेनिरामिन ३. अण्णांना डायसायक्लोमीन न धरताच नऊ.

---

खवचट | ७ मे, रात्री १०.५८

अण्णा विशेष प्राविण्यासह उत्तीर्ण.

बरं, आता मी सरळ बोलतो. माझ्या आईचं असंच झालं होतं, सहा वर्षांपूर्वी. विसरायला लागली म्हणून डोनेपेझिल दिलं, त्याने लघवी सुटायला लागली, म्हणून दुसरीकडे लघवी आवरायची गोळी दिली. एक गोळी निरोप्या वाढवतेय, दुसरी त्याची जागा अडवतेय. दोन वर्षं दोन्ही चालू होत्या. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्यासकट. म्हणून वर तसं बोललो. आणि खवचट हे नाव तिनेच ठेवलेलं.

---

गुंगीमास्तर | ७ मे, रात्री ११.२०

ही जोडी आजही बघायला मिळते. वाईट वाटलं.

---

एक बहीण | ८ मे, दुपारी १२.३०

नवीन आयडी घेऊन लिहितेय, समजून घ्या. भावाला स्किझोफ्रेनिया आहे, हॅलोपेरिडॉलबरोबर ट्रायहेक्सिफेनिडिल चालू आहे. हा धागा वाचून त्याची ती दुसरी गोळी आजपासून बंद करावी का? विसरतो हल्ली खूप.

---

गुंगीमास्तर | ८ मे, दुपारी १.१०

नाही. ताई, कृपया आपल्या मनाने बंद करू नका. हॅलोपेरिडॉलमुळे मान पिळवटणं, डोळे वर जाऊन अडकणं, जबडा आवळणं असं होऊ शकतं, ती गोळी त्यासाठी आहे. एकदम थांबवली तर हे अचानक परत येऊ शकतं आणि बघणाऱ्याची पाचावर धारण बसते. पण ती कायम लागतेच असंही नाही. पुष्कळदा काही महिन्यांनी मनोविकारतज्ज्ञ ती हळूहळू उतरवून बघतात. पुढच्या भेटीत "विसरतो" हे आणि पोट रोज साफ होतं का, ही दोन वाक्यं सांगा. दुसरं लोक सांगायला लाजतात. यातल्या काही औषधांनी, विशेषतः क्लोझापिनने, बद्धकोष्ठ जिवावर बेतेपर्यंत जातो.

सगळ्यांसाठीच: अमिट्रिप्टिलीनसुद्धा बरेच दिवस घेतलेली असेल तर एका दिवसात सोडू नका. सिडकोवाली, तुमच्या सासूबाईंची दहाची गोळी हाही त्यांच्या डॉक्टरांशी बोलायचा विषय आहे, डब्यातून काढून फेकायचा नाही.

---

सिडकोवाली | ८ मे, दुपारी १.२५

बरं झालं सांगितलंत, कारण काल रात्री मी ती काढून ठेवली होती :( आज देते आणि उद्या फोन करते.

---

जेलरोडकर | ११ मे, रात्री ८.१५

अण्णांची खबर. ऑक्सिब्युटिनिन, सर्दीची आणि मुरड्याची तिथेच बंद केल्या. पायाची रात्रीची गोळी उतरवत आणलीय, पुढच्या आठवड्यात संपेल. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन सुरू झालं. नळी पहिल्यांदा काढली तेव्हा परत अडलं, परत घालावी लागली, अण्णांनी सगळ्या वैद्यकीय पेशाला शिव्या घातल्या. परवा दुसऱ्यांदा काढली, या वेळी झाली. टॅम्सुलोसिनने उभं राहताना चक्कर येते म्हणून रात्री उठताना आई आधी दिवा लावते, मग त्यांना पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसवते.

मुंग्या चौथ्या दिवशीच गेल्या होत्या. दोरे आणखी दोन रात्री राहिले. पूर्ण पूर्वीसारखे आहेत असं म्हणवत नाही. परवा माझ्या मुलीचं नाव घ्यायला थोडं थांबले. डॉक्टर म्हणतात दोन-तीन महिन्यांनी स्मरणाची चाचणी करू, आत्ता करून उपयोग नाही, औषधाचा आणि वयाचा हिशेब वेगळा होणार नाही.

बिस्किटाचा डबा आता माझ्या ताब्यात आहे. दर डॉक्टरकडे जाताना पूर्ण डबा न्यायचा असं ठरलंय. अण्णा म्हणतात, लोक काय म्हणतील, बिस्किटं घेऊन आला म्हातारा.

पोट अजून कुरकुरतंच. बाकी भूक चांगली आहे.

---

निफाडचा बागायतदार | ११ मे, रात्री ९.००

ताई, काळे मनुके रात्री भिजवून सकाळी पाण्यासकट द्या, डॉक्टरला विचारून. घरचे आहेत, धुऊन ठेवलेले. जेलरोडला सोमवारी माझी गाडी येते. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा, किलोभर ठेवून जातो.